बटर पळालं, साखर करपली, पाल्मिएचं आता काय करायचं?

मागच्या अंकात पाल्मिए दिले होते, म्हणजे पफ पेस्ट्रीच्या पोळीला मसाल्याची साखर लावून दोन्ही बाजूंनी मधे दुमडायचं, चकत्या कापायच्या आणि भाजायच्या, फ्रेंच बेकऱ्यांमधला अगदी रोजचा प्रकार. सोलापूरकरांचे प्रश्न भरपूर आले आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून उन्हावरच येतात, म्हणून आधी तेच घेते.

प्रश्न (जुळे सोलापूर): ताई, लिहिलं होतं तसंच बटरचा चौकोन मैद्याच्या पोळीत गुंडाळून लाटायला घेतलं, तर दुसऱ्या घडीलाच बटर कडेनी बाहेर, ओटा सगळा चिकट. भाजल्यावर ट्रेमधे नुसतं तूप साचलं आणि पापुद्रे शून्य. मैदा खराब होता का?

मैदा बिचारा ठीक होता हो, मे महिना खराब होता. बटर पूर्ण पातळ व्हायला ३२ ते ३५ डिग्री लागतात पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडून मैद्यात मुरायला लागतं, आणि आपल्याकडे बाहेर ४२-४३ असताना स्वयंपाकघरात काय असणार ते तुम्हीच बघताय. पापुद्रे सुटतात कसे तर मैद्याच्या दोन थरांमधे बटरचा पातळ अखंड थर राहिला पाहिजे, बटरमधे ८० टक्क्यांच्या आसपास फॅट आणि उरलेलं बहुतेक पाणीच असतं, ओव्हनमधे त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, बटरमुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफ एकेक थर वर उचलते. बटर आधीच मैद्यात मुरलं की उचलायला वेगळा थरच उरत नाही, मग ती शंकरपाळी होते, चांगली लागते पण पाल्मिए नव्हे.

तर करायचं असं की पहाटे उठून करा, पाचला ओटा बऱ्यापैकी गार असतो. २५० ग्रॅम मैदा आदल्या रात्रीच फ्रिजमधे ठेवा, १२० मिलीच्या आसपास बर्फाचं पाणी, चमचाभर लिंबाचा रस आणि २०० ग्रॅम बटर, आणि आपलं नेहमीचं बटर खारट असतं म्हणून मीठ वेगळं घालू नका. लाटायच्या आधी ओट्यावर बर्फाची मोठी परात दहा मिनिटं ठेवायची, उचलली की फरशी कोरडी पुसून तिथेच लाटायचं. प्रत्येक घडीनंतर अर्धा-पाऊण तास फ्रिज, इथे घाई केली की संपलं. बटर बोटानी दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण बोटाला लागता कामा नये, आणि फार कडक झालं तरी लाटताना त्याचे तुकडे पडतात तेव्हा तेही नको.

तीन पदरी घडी सहा वेळा घातली की बटरचे ७२९ थर होतात, फ्रान्समधली जुनी पद्धत तीच. घरी पाल्मिएसाठी चार घड्या पुरतात, ८१ थर खूप झाले. आणि शेवटच्या दोन घड्या मैदा न भुरभुरता मसाल्याच्या साखरेतच घाला, साखर थराथरात जाते, हे फार कमी जण करतात आणि खरी मजा त्यातच आहे.

प्रश्न (होटगी रोड): बटरऐवजी घरचं साजूक तूप चालेल का? चिरोट्याला चालतं की.

चिरोट्याला चालतं कारण तिथे तुपात तांदळाची पिठी फेटून साटा करतो, तो थर वेगळे ठेवतो आणि तळताना ते सुटतात. पफ पेस्ट्रीत वर उचलायचं काम वाफेचं आणि तुपात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे खुसखुशीत होईल पण फुलणार नाही. घरचं लोणी म्हणाल तर त्यात ताकाचं पाणी जास्त राहतं आणि ते फार लवकर मऊ पडतं. थंडीत, गड्ड्याच्या म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात हवा गार असते तेव्हा नीट पिळून, घट्ट गार करून बघायला हरकत नाही, आत्ता नको.

प्रश्न (विजापूर रोड): मसाला नेमका कुठला आणि किती? आमच्याकडे सासूबाई म्हणतात साखरेऐवजी गूळ घाला.

१०० ग्रॅम साखरेला एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा वेलची, पाव चमचा सुंठ, जायफळ दोनदा किसणीवर फिरवलं तेवढंच, आणि चिमूटभर मीठ. जायफळाचा हात सैल सोडला की बाकी सगळं गप्प होतं. आपल्या साखरेचा दाणा जाड असतो म्हणून मिक्सरमधे एकदाच फिरवून घ्या, पण पिठीसाखर होऊ देऊ नका, ती पटकन विरघळून ओली होते आणि बाहेरचा तो काचेसारखा कडक थर नीट येत नाही. सासूबाईंना सांगा की गुळात ओल असते, तो लवकर करपतो आणि गार झाल्यावर चिवट होतो, शिवाय साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखरेला नाही म्हणायचं म्हणजे काय!

साखर लावल्यावर मात्र पोळी ताटकळत ठेवायची नाही. साखर कणकेतलं पाणी ओढते आणि पाक सुटायला लागतो, रात्रभर फ्रिजमधे ठेवलेला रोल सकाळी पाकात बसलेला असतो. वीस मिनिटं फ्रीजरमधे घट्ट करा, धारदार सुरीनी एक सेंटीमीटरच्या चकत्या कापा आणि लगेच ओव्हन.

प्रश्न (अक्कलकोट रोड): खालून काळे आणि मधे कच्चे, ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० वर होता. तापमान कमी करू का?

उलट वाढवा. १८० वर बटर वाफ धरायच्या आधीच गळून जातं. दोन्ही रॉड लावून २०० ला पंधरा-वीस मिनिटं रिकामा तापू द्या, ट्रे मधल्या कप्प्यात, आणि खालचा रॉड फार जवळ असेल तर ट्रेखाली अजून एक ट्रे सरकवा, काळं पडणं तिथेच थांबतं. चकत्या पसरतात त्या आडव्या, तेव्हा दोन-दोन बोटं जागा सोडा. साधारण बारा मिनिटांनी खालची साखर तांबूस दिसली की उलथन्यानी उलटवा, मग अजून पाच ते आठ मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंगाकडे बघा. पिवळट असताना काढले तर गार झाल्यावर मऊ पडणार, गडद तांबूस हवेत. आणि उलटताना बोट अजिबात लावू नका, वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि कातडीला चिकटून बसते, मुलांना त्या वेळी बाहेर पिटाळा.

प्रश्न: श्रावणात चालतील का, अंडं असतं? आणि तयार शीट आणली तर?

अंडं नसतं. तयार शीट खुशाल आणा, उन्हाळ्यात तर तोच शहाणपणा, फक्त पाकिटावर बटर लिहिलंय की मार्जरीन ते वाचा. मार्जरीन उशिरा वितळतं म्हणून बेकरीतली खारी उन्हाळ्यातही छान फुलते, पण ते टाळूला चिकटतं, आणि इथे मसाला बटरवरच खुलतो. शीट फ्रिजमधेच सुटू द्यायची, ओट्यावर नाही.

प्रश्न (नवी पेठ): साखर नको असेल तर शेंगा चटणी घालून होतील का?

होतात आणि चहाबरोबर फार भारी लागतात, मला विचाराल तर गोडापेक्षा हेच पहिले संपतात. चटणी कोरडी घ्या, कुटून कुटून तेल सुटलेली असेल तर ते तेल पापुद्र्यात उतरतं आणि थर बसतात. पातळच पसरा, वरून हलकं लाटणं फिरवून दाबून घ्या नाहीतर कापताना सगळी गळते. साखरेचा कडक थर नसल्यामुळे दोन-चार मिनिटं जास्त भाजा, तिखट लवकर करपतं म्हणून शेवटी लक्ष ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आणि पावसाळी हवेत मऊ पडले तर १५० वर पाच मिनिटं परत गरम केले की झालं.