स्विंडनमधील बंद पडलेला रेल्वे कारखाना पाहण्यासारखा आहे का?

आपण विचारले आहे की, मुलगी आणि जावई मडगावहून इंग्लंडमधील स्विंडनला स्थायिक झाले आहेत, त्यांच्याकडे जाणे होणार आहे, तर तिथला जुना इंजिनांचा कारखाना पाहावा का. अवश्य पाहावा, मात्र सुरुवात संग्रहालयापासून न करता कामगारांच्या वस्तीपासून करावी, असा माझा आग्रह आहे.

ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीने १८४३ मध्ये कारखाना सुरू केला, तेव्हा स्विंडन हे टेकडीवरचे लहानसे बाजाराचे गाव होते आणि बाहेरून आलेल्या कारागिरांना राहायला जागा नव्हती. म्हणून कंपनीने रुळांच्या दक्षिणेला सुमारे तीनशे दगडी घरे बांधली आणि तिथल्या रस्त्यांना ब्रिस्टल, ऑक्सफर्ड, रेडिंग, टॉन्टन अशी आपल्या गाड्या जात त्या गावांची नावे दिली. त्या घरांत आजही माणसे राहतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८४७ चा वैद्यकीय निधी. कामगारांच्या पगारातून नियमितपणे कापल्या जाणाऱ्या थोड्याशा रकमेतून त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डॉक्टर, औषधे, पुढे रुग्णालय आणि १८९२ मध्ये मिल्टन रोडवर स्नानगृहे व पोहण्याचे तलावही उभे राहिले. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती हा निधी सुरू झाल्यानंतर शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलेल्या आपल्या कितीतरी गोवेकरांना ज्या सेवेचा आधार आहे, तिच्यामागे लोहार-फिटरांनी चालवलेला असा निधी होता, हे त्यांना ठाऊक असायला हवे. याउलट, १८५५ मध्ये बांधलेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची इमारत, जिथे कामगारांचे ग्रंथालय आणि नाट्यगृह होते, ती मी पाहिली तेव्हा कुलूपबंद आणि मोडकळीला आलेली होती. संग्रहालय कितीही देखणे असले तरी ही हानी त्याने भरून येत नाही.

ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, १९६० मध्ये इथूनच बाहेर पडले आणि १९८६ मध्ये कारखाना बंद झाला. काही शेडमध्ये आता दुकाने आहेत. त्यामुळे निदान भिंती आणि छपरे टिकली, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. वस्तीतून पलीकडे जाताना रुळांखालचा पादचारी बोगदाच घ्यावा, कारण कामगारांची रोजची वाट तीच होती. २००० मध्ये उघडलेल्या ‘स्टीम’ संग्रहालयात इंजिने तर आहेतच, पण युद्धकाळात कारखान्यात राबलेल्या स्त्रियांविषयीचा भाग मुलीला सोबत घेऊन सावकाश पाहावा.