शिक्षणशास्त्र मायनर घेतलं तर बी.एड. टळेल का?

तुझा प्रश्न : पदवीला इतिहास मेजर (मुख्य विषय) आहे, पुढे शाळेत शिकवायचंय, मग मायनरला (दुय्यम विषय) शिक्षणशास्त्र घेतलं की बी.एड. करावं लागणार नाही ना?

करावं लागेल. यात आशेवर राहू नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२च्या पदवी आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मायनरला २४ आहेत (आपल्याकडे विद्यापीठागणिक थोडे कमी-जास्त). तेवढ्यावर शिक्षकाची पात्रता मिळत नाही. बी.एड. दोन वर्षांचं, त्यात २० आठवडे शाळेत काढायचे. त्यातही पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर ११ ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळीच.

आणि मेजर इतिहासच ठेव. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचे विषय पदवीच्या विषयांवरून मिळतात.

मग हे मायनर घ्यायचंच कशाला? मी सांगेन, जरूर घे. बावीस वर्षं मी सराव पाठांच्या वेळी वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण केलंय. एकदा तिसरीच्या वर्गात एका मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. आमच्या छात्राध्यापिकेने लाल रेघ मारली आणि पुढे गेली. तास संपल्यावर मी मुलाशेजारी बसून विचारलं, "कसं केलंस, सांग बघू." तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याचा नियम होता, आणि तो त्याने दोन्ही घरांत इमानाने पाळला होता. हातचा घेणं त्याला कुणी दशकाच्या दांड्या सोडवून दाखवलंच नव्हतं. बी.एड.मध्ये पाठ टाचण, फलकलेखन, फाइली यांच्या धावपळीत मुलाशेजारी असं बसायला उसंत मिळत नाही. मायनरची सत्रं ती उसंत देतात. बालमानसशास्त्र सावकाश वाचून होतं, आणि टीईटीत १५० पैकी ३० गुण त्याचेच. तू इतिहासाची, म्हणून आणखी एक : जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन मुळातून वाच. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार नीट हवा, हे त्यांनी तेव्हा मागितलंय. वाचून मन भरून येतं.

एक अट मात्र. काही ठिकाणी हा विषय नुसत्या नोट्सवर उरकतात. तुमच्याकडे तसं असेल तर सरळ मानसशास्त्र घे, त्यातून जास्त मिळेल. फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन मॅडमना विचार : विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शाळेत नेता का, आणि किती दिवस? वरच्या वर्गातल्या एखादीची निरीक्षण वहीही मागून बघ. तीत मुलांची वाक्यं लिहिलेली दिसली तर डोळे झाकून नाव घाल.