वाचक विचारतात: पहिली पंप शॉटगन, ४०० डॉलरच्या आत

प्रश्न: काका नमस्कार, मी आयोवात डे मॉइनला असतो, एच-वन-बी वर. ऑफिसातले मित्र दर ऑक्टोबरला फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला जातात, गेल्या वर्षी मी नुसताच त्यांच्यामागे गवत तुडवत फिरलो, यंदा स्वतःची पंप अ‍ॅक्शन शॉटगन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची छऱ्यांची बंदूक) घ्यायचीय. बजेट ४०० डॉलर. एक जण म्हणतो रेमिंग्टन ८७०च घे, दुसरा म्हणतो मॉसबर्ग ५००, आणि दुकानदार मॅव्हरिक ८८ दाखवतोय जी खूपच स्वस्त आहे. स्वस्त आहे म्हणजे काही घोळ तर नाही ना? आणि १२ गेज की २०? बायको म्हणते आधी व्हिसाचं बघ.

उत्तर: बायकोचं ऐक रे बाबा, आधी व्हिसाचंच बघू. एच-वन-बी असो की एच-फोर, अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला तुझ्या कामाचा एकच, इथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान, हा क्रम उलटा करायचा नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात हे सगळं विचारतात, तिथे खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. आणि लायसन्स संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेव. काही शंका असली तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, मित्राला नको.

आता बंदूक. मॅव्हरिकमध्ये घोळ काही नाही, ती मॉसबर्गवाल्यांचीच आहे, ५०० ची साधी बहीण म्हण. बरेचसे पार्ट एकमेकींना चालतात. मुख्य फरक सेफ्टीचा, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याचा, ५०० ची सेफ्टी वर पाठीवर, अंगठ्याखाली येते आणि मॅव्हरिकची चापाजवळ आडवं बटण. अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते, म्हणजे तुझे दीडशे उरले, ते मी कुठे घालायला सांगणारे ते पुढे येतंच. ८७० ही १९५० पासूनची, स्टीलच्या बॉडीची, दणकट बंदूक, पण कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, त्यामुळे घ्यायचीच तर जुनी विंगमास्टर, म्हणजे ८७० चीच चांगल्या घडणीची आवृत्ती, बघ, कोणा म्हाताऱ्याने प्रेमाने तेल लावून ठेवलेली मिळाली तर सोनं. सेकंडहँड घेताना नळीतून उजेडाकडे बघ, पोचा दिसला तर ठेवून दे.

पण खरं सांगू, या तिघींत भांडण्यात अर्थ नाही. दुकानात बंदूक रिकामी आहे ना ते स्वतः बघ, दुकानदाराला विचार, सुरक्षित दिशेला नळी धर, डोळे मीट, खांद्याला लाव आणि डोळे उघड. नळीच्या टोकाचा मणी समोर दिसला तर ती तुझी, आणि मान वाकडी करावी लागली तर कितीही भारी ब्रँड असला तरी पक्षी काही पडायचा नाही.

गेजचं असंय की एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जाडी तेवढी १२ गेजची नळी, म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. आपल्याकडे गावी बारा बोर म्हणायचे तेच हे. तू १२ घे, काडतुसं सगळीकडे मिळतात. फेझंटला पावणेतीन इंच लांबीचं काडतूस आणि त्यात ५ किंवा ६ नंबरचे छर्रे पुरे, तीन इंचीने फक्त तुझा खांदा सुजेल. मित्राची २० असेल तर त्याची पिवळी काडतुसं तुझ्या खिशात चुकूनसुद्धा नकोत, २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे जाऊन अडकतं आणि मागून १२ चा बार काढला की नळी फुटते. पिवळा रंग त्याचसाठी आहे. आणि काही सरकारी जागांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, बदकांना तर १९९१ पासून देशभर कुठेच नाही, तिथे स्टील.

आता ते दीडशे डॉलर. क्ले म्हणजे सरावासाठी हवेत फेकतात त्या चकत्यांवर उडव सगळे. माझी पहिली शिकार, गवतातून पायाजवळून नर उठला, तो उठताना असा काही ओरडतो आणि पंख फडफडवतो की माणूस दचकतोच, मी पहिला बार हवेत घालवला आणि घाईत पुढची मूठ अर्धीच मागे ओढली. रिकामं काडतूस आतच, पक्षी मक्याच्या शेतापलीकडे. मूठ शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे, पंपचं सगळं रहस्य एवढंच, पण ते हाताला कळायला शंभरेक बार लागतात. आणि लक्षात ठेव, आयोवात फक्त नर मारायचा, दिवसाला तीन, म्हणजे उडताना मानेचा पांढरा पट्टा दिसला नाही तर चापावर बोट नको. केशरी जॅकेट घाल.

प्रश्न: मी मिनेसोटात असते, ग्रीन कार्ड आहे, पण मी डावरी आहे. यातली कुठली चालेल? आणि डिसेंबरात आम्ही महिनाभर पुण्याला चाललोय तेव्हा बंदूक घरी कशी ठेवू?

उत्तर: ताई, तुम्हाला ५००. अंगठ्याखालची सेफ्टी दोन्ही हातांना सारखीच, फक्त रिकामं काडतूस उजवीकडून, तुमच्या तोंडासमोरून उडतं, त्याची सवय होते. नाही झाली तर सेकंडहँडमध्ये इथाका ३७ शोधा, तिचं काडतूस खालून पडतं. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकारीला नेलेली बॅग आणि जॅकेट पुण्याला नेऊच नका. तळाशी विसरलेलं एक जिवंत काडतूस आपल्या एअरपोर्टवर सापडलं की आर्म्स अ‍ॅक्टची केस होऊ शकते, मग सुट्टी वकिलाकडेच. मी तर बॅग उलटी करून झटकतो, आणि तरी मागच्या खेपेला अस्तराच्या फाटक्यातून सहा छर्रे घरंगळत आले.