एमओटीच्या आधी इंजिनाचा पिवळा दिवा स्कॅनरने घालवून टाकावा का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: इंग्लंडमध्ये २०१२ सालची पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली आहे, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा कायम लागलेला असतो, गाडी चालायला मात्र ठणठणीत आहे, एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या सक्तीच्या तपासणीची, मुदत तीन आठवड्यांनी संपते आहे, आणि ओळखीतला एक जण स्कॅनर लावून पाच मिनिटांत दिवा घालवून देतो म्हणतो. मी येथील एका गॅरेजात दुरुस्तीचे काम करतो. दिवा घालवून गाडी एमओटीत पास होण्याची शक्यता बरीच आहे. तरीही आधी कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचून, लिहून घेतल्याशिवाय त्या ओळखीच्या माणसाला स्कॅनरचे कोड पुसण्याचे बटण दाबू देऊ नका, असे माझे मत आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये गाडीला ३ वर्षे झाली की पहिली एमओटी आणि त्यानंतर दर वर्षी एक, असा नियम आहे. आपल्याकडे खासगी गाडीचे पासिंग थेट १५ वर्षांनी येते, त्यामुळे नव्याने आलेल्यांना ही दरसालची तपासणी जाचक वाटते. २० मे २०१८ पासून या तपासणीत सापडलेल्या दोषांची किरकोळ, मोठे आणि धोकादायक अशी वर्गवारी केली जाते. किरकोळ दोष असला तरी गाडी पास होते, बाकीच्या दोन्हींत नापास होते. इंजिनाचा दिवा बिघाड दाखवत असेल तर तो मोठा दोष समजला जातो. पेट्रोल गाडी १ जुलै २००३ नंतर आणि डिझेल गाडी १ जुलै २००८ नंतर प्रथम वापरात आली असेल तर ही तपासणी लागू होते, म्हणजे तुमची गाडी त्यात येते. बल्ब काढून टाकण्याचा किंवा दिव्यावर काळी पट्टी चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, कारण चावी फिरवल्यावर दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे, हे परीक्षक पाहतो. दिवा लागलाच नाही तर तोही मोठाच दोष धरला जातो.

स्कॅनरची युक्ती येथे चालते याचे कारण इतकेच की एमओटीचा परीक्षक गाडीच्या संगणकाला स्वतःचे यंत्र जोडून आतले कोड वाचत नाही. तो फक्त दिवा पाहतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात धुराच्या तपासणीच्या वेळी, संगणकाने आपल्या सगळ्या अंतर्गत चाचण्या पूर्ण केल्या आहेत की नाहीत, हेही यंत्र लावून पाहतात, आणि नुकताच कोड पुसलेली गाडी तेथे तत्काळ उघडी पडते. येथे तसे होत नाही. पण कोड पुसल्याने बिघाड काही जात नाही. बहुतेक बिघाड गाडी चालवण्याच्या सलग दोन खेपांत आढळले की संगणक दिवा पुन्हा लावतो, आणि बिघाड शोधणारी त्याची अंतर्गत चाचणी पूर्ण व्हायला हमरस्त्यावर एका वेगाने काही काळ गाडी चालावी लागते. त्यामुळे घरापासून एमओटी केंद्रापर्यंतच्या दोन मैलांत दिवा लागला नाही, यावरून गाडी सुधारली असे समजता येणार नाही. शिवाय कोडबरोबर एक अतिशय उपयोगी नोंद पुसली जाते. बिघाड प्रथम पकडला गेला त्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, किती फेऱ्यांवर फिरत होते, गाडीचा वेग काय होता, हे संगणकाने जपून ठेवलेले असते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला निम्मे निदान तेथेच मिळते.

या वयाच्या पेट्रोल गाडीत दिवा लागलेला आहे पण चालण्यात फरक नाही, अशी तक्रार आली की माझा पहिला संशय पी०४२० या कोडवर जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग, अपेक्षेइतके काम करत नाही, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होत राहिला पाहिजे आणि मागच्याचा बराचसा स्थिर राहिला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच हलू लागला की कन्व्हर्टर थकला, असा निष्कर्ष संगणक काढतो. येथे लोक हमखास फसतात, कारण कोडमध्ये कन्व्हर्टरचा उल्लेख असला तरी मूळ दोष दुसरीकडे असू शकतो. एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल तरी मागचा सेन्सर चुकीचे सांगतो, आणि इंजिन ऑइल खात असेल किंवा मिसफायर करत असेल, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटत नसेल, तर नवा कन्व्हर्टरही वर्षभरात जातो. मागचा सेन्सर बदलून पाहू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खर्च होतो आणि दिवा बहुधा परत येतो. स्वस्तातला, मान्यतेची खूण नसलेला कन्व्हर्टर बसवल्यावरही हेच होते.

गंमत अशी की अशी गाडी एमओटीच्या धुराच्या चाचणीत सहज पास होऊ शकते. तुमच्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाड्यांसाठी साधारण मर्यादा अशी आहे: इंजिन चांगले तापवून वाढवलेल्या फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३, आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के. अर्धवट थकलेला कन्व्हर्टर पुरता तापला की या मर्यादेत बसतो. मग धुरात पास आणि दिव्यामुळे नापास, असा निकाल हातात पडतो आणि ग्राहक चिडतो. त्या चिडण्यात तथ्य आहे. तरीही दिव्याचे म्हणणेही खोटे नसते.

हाच दिवा स्थिर न राहता उघडझाप करत असेल तर मात्र एमओटीची चर्चा बाजूला ठेवून ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल तेव्हा कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. एखादी इग्निशन कॉइल किंवा प्लग यांच्या खर्चात भागणारे काम मग कितीतरी महागात पडते.

दुसरे दिवेही आताच पाहून ठेवा. एबीएस, एअरबॅग, स्टॅबिलिटी कंट्रोल आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग यांचे दिवे बिघाड दाखवत असतील तर तेही मोठे दोष आहेत. सर्व्हिसची आठवण करून देणाऱ्या पान्याच्या चिन्हाने मात्र गाडी नापास होत नाही. येथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चाकाजवळचा एबीएसचा सेन्सर किंवा त्याच्यासमोर फिरणारी दातेरी कडी गंजते, फुगते, कधी तडकते. चाक काढल्यावर नुसत्या डोळ्यांनीही ते दिसते. एअरबॅगचा दिवा पुष्कळदा पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमुळे लागतो. सीट मागेपुढे करून त्याची पकड ढिली होते. तो कनेक्टर स्वतः हलवून पाहू नका. बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्यावरच त्याला हात लावायचा असतो, आणि ते काम माहीतगारानेच करावे.

तेव्हा प्रथम कोड आणि त्यासोबतची नोंद वाचून घ्या. त्यासाठी साधा स्कॅनर पुरतो. इंधनाच्या टाकीचे झाकण घट्ट लावले की दिवा जातो, असे अमेरिकन व्हिडिओंत सांगतात, पण युरोपात विकलेल्या बहुतेक गाड्या टाकीतून होणारी पेट्रोलच्या वाफेची गळती तपासतच नाहीत, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसायला काहीच हरकत नाही. ते योग्यच आहे. मग हमरस्त्यावर एक लांब फेरी मारा आणि दिवा परत येत नाही ना, हे पाहा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिच्या मागच्या एमओटींचे निकाल आणि परीक्षकांच्या सूचना फुकट दिसतात. मागच्या वर्षी धुरावर किंवा एक्झॉस्टच्या गंजावर काही शेरा असेल तर तो दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

गॅरेजवर विश्वास नसेल तर काही नगरपालिकांची स्वतःची एमओटी केंद्रे आहेत. तेथे सर्वसामान्यांच्या गाड्या दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे दोष काढून काम मिळवण्याचा मोह नसतो. मुदत संपण्याच्या एक महिना वजा एक दिवस आधीपासून तपासणी करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, म्हणजे तुम्हाला आजही जाता येईल. मोटारीसाठी जास्तीत जास्त शुल्क ५४.८५ पौंड आहे. नापास झालात आणि धोकादायक दोष निघाला नाही, तर गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असेपर्यंत जुने प्रमाणपत्र त्याच्या मुदतीपर्यंत चालते. गाडी त्याच केंद्रात दुरुस्तीला ठेवली तर १० कामाच्या दिवसांत होणाऱ्या फेरतपासणीचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.