गाडी आपली, शंका आपली

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. घरच्या चौघांसाठी २४ किलोवॉट-तास बॅटरीची टियागो ईव्ही घेतली आहे. शहरात ती उत्तम चालते. मात्र साताऱ्याला जाताना चार्जिंगचा आकडा भराभर उतरतो. गाडीत दोष असेल का? रोज पूर्ण चार्ज केल्यास बॅटरी लवकर खराब होईल का?

उत्तर : दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. शहरात सिग्नलपाशी वेग कमी होताना मोटर जनित्राचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते; महामार्गावर ही संधी क्वचितच मिळते, शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. खंबाटकीच्या चढावर आकडा घसरला, तरी घाबरू नये. पुढच्या उतारावर त्यातला काही भाग, सगळा नव्हे, परत मिळतो. वेग ८० च्या आसपास ठेवून पाहावा, फरक लगेच दिसेल.

या गाडीची बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची आहे. पूर्ण चार्जिंग तिला इतर प्रकारांपेक्षा चांगले मानवते. उलट अधूनमधून घरच्या संथ चार्जरवर ती १०० टक्के भरली, तरच पडद्यावरील आकडा अचूक राहतो.

आपण न विचारलेली, परंतु आम्हाला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पार्किंगमधील वायरिंग. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून रात्रभर जवळपास पूर्ण क्षमतेने वीज वाहते. म्हणून स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि योग्य एमसीबी (वीज प्रमाणाबाहेर वाहिल्यास आपोआप बंद होणारा स्विच) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावे, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कदापि वापरू नये.