ताटासमोरचा खेळ : ऑर्लँडोचे बंद पडलेले डिनर शो

प्रश्न : 2006 साली मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना ऑर्लँडोजवळ जेवता जेवता घोड्यांचे खेळ पाहिले होते. नाव अरबी कथांवरून होतं. यंदा नातवंडांना तेच दाखवायचं आहे. तिकिटं कशी काढावीत? (एक आजोबा, ठाणे)

काका, तुम्ही पाहिलात तो ‘अरेबियन नाइट्स’ आता नाही. किसिमीत 1988 साली तो सुरू झाला आणि पंचवीस वर्षं चालून 2014 उजाडताना कायमचा बंद झाला. रिंगणाभोवती हजारावर माणसं रांगांनी जेवायला बसत आणि समोर राजकन्येच्या लग्नाच्या गोष्टीत गुंफलेली घोडेस्वारी चाले. पाठीवर स्वार नाही, तोंडात लगाम नाही, तरी प्रशिक्षकाच्या इशाऱ्यासरशी घोडे एकत्र वळत, ते तुम्हाला आठवत असेलच. माझ्या मते त्या शहराने गमावलेल्या खेळांत सर्वांत मोठं नुकसान हेच. इतर शोंचा लाकडी किल्ला सहा महिन्यांत पुन्हा उभा करता येतो, पण घोड्यांची अशी तुकडी तयार करायला वर्षं जातात. ती एकदा विखुरली की पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. हे शो एवढ्या संख्येने का बंद पडले? लोकांना कंटाळा आला का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

कंटाळा हे कारण मला पटत नाही. हा धंदा कुणाच्या जिवावर उभा होता ते आधी बघ. 1980-90च्या दशकांत पुष्कळ कुटुंबं डिस्नीच्या बाहेर, 192 क्रमांकाच्या महामार्गावर किंवा इंटरनॅशनल ड्राइव्हवर स्वस्त मोटेलांत उतरत. भाड्याची गाडी दारात असे. दिवसभर पार्कात हिंडून झालं की संध्याकाळी जेवायचं कुठे, हा प्रश्न पडे. लंडनमध्ये अशा मेजवान्यांचा धंदा केलेल्या आणि पुढे ‘प्लॅनेट हॉलिवूड’ ही रेस्टॉरंटांची साखळी काढणाऱ्या रॉबर्ट अर्ल यांनी तीच संध्याकाळ हेरली. ‘किंग हेन्रीज फीस्ट’मध्ये राजाच्या दरबारात जेवण, तर ‘वाइल्ड बिल्स’मध्ये काउबॉयांच्या पंक्तीला.

पुढे ती संध्याकाळच हातची गेली. डिस्नीने 1989 साली रात्रीच्या करमणुकीसाठी ‘प्लेझर आयलंड’ उघडलं, शेजारच्या युनिव्हर्सल पार्कने 1999 साली तसंच ‘सिटीवॉक’. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी 2005 पासून विमानतळावरून फुकट बस सुरू झाली. मग गाडी भाड्याने घ्यायचं कारण उरलं नाही, आणि गाडीच नसेल तर महामार्गावरचा किल्ला कितीही झगमगला तरी तिथवर कोण जाणार?

त्यात या धंद्याचं गणित कठोर असतं. आजची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. प्रेक्षक दोनशे असोत की हजार, घोड्यांना चारा, तबेल्यात माणसं आणि पडद्यामागे तंत्रज्ञ तेवढेच लागतात. शिवाय वाळूचं रिंगण असलेली इमारत दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नसते, तिच्याखालची जमीन मात्र असते. ‘डिक्सी स्टँपीड’ हा घोड्यांचाच डिनर शो, 2003 साली एका आउटलेट मॉलशेजारी उघडलं आणि जानेवारी 2008 मध्ये बंद झालं, कारण ती जागा मॉलकडे गेली. प्रकल्प अहवालात तिकीटविक्रीच्या तक्त्याआधी जागेच्या भावाचा तक्ता घाल, एवढं मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : हजार माणसांना एकाच वेळी गरम जेवण कसं वाढत? (एक केटरर, सांगली)

तुमच्या पंगतीसारखंच! बेत सगळ्यांना एकच, निवड जवळपास नाही. फरक एवढाच की वाढप्याची फेरीही खेळात बसवलेली असते : सूप कोणत्या प्रसंगाला यायचं, भाजलेली कोंबडी कोणत्या, हे ठरलेलं. ऐन झुंजीच्या वेळी वाढपी प्रेक्षकांच्या आड येऊन चालत नाही. काही ठिकाणी काटे-चमचे मुद्दाम देत नसत, हातांनीच खायचं. आपल्याला त्याचं नवल नाही, तिकडच्या मुलांना तीच मोठी गंमत वाटे.

प्रश्न : डिस्नीच्या पॉलिनेशियन हॉटेलातला लुआउ (नाचगाण्यांसह हवाई बेटांची मेजवानी) परत सुरू होणार का? (एक वाचक, न्यू जर्सी)

नाही. ‘स्पिरिट ऑफ अलोहा’ मार्च 2020 मध्ये महामारीत थांबला तो थांबलाच. त्याचा मांडवही पाडला आणि त्या भागात हॉटेलची नवी इमारत 2024 साली उघडली.

प्रश्न : मग आता काय बघावं? आम्ही शाकाहारी आहोत. (एक कुटुंब, नाशिक)

दोन जुने खेळ तग धरून आहेत. किसिमीतलं ‘मिडीव्हल टाइम्स’ 1983 पासून चालू आहे. भालेवाले सरदार, खरे घोडे, आणि तुम्ही बसाल त्या रंगाच्या सरदारासाठी ओरडायचं. शाकाहारी ताट मिळतं, पण तिकीट काढतानाच सांगा. डिस्नीच्या फोर्ट वाइल्डरनेसमधला ‘हूप-डी-डू’ 1974चा. तो 2020 साली थांबला होता, 2022च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाला. तिथे घोडे नाहीत, गाणी आणि धमाल आहे. मुख्य बेत तळलेल्या कोंबडीचा, त्यामुळे शाकाहाराबद्दल आधीच बोलून घ्या. मुलं लहान असतील तर लवकरची वेळ घ्या. दिवसभर पार्कात चालल्यावर रात्री साडेआठला ती ताटावरच पेंगतात.