माणसं वाघोलीला गेली, मंडळी कंपाउंडातच राहिली

प्रश्न : जय ख्रिस्त. आमची मंडळी (चर्चचे सगळे सभासद) पुण्यातली, जुन्या मिशनची, दगडी चर्च. रविवारी सकाळी साडेआठला उपासना असते. पूर्वी उशीर झाला की उभं राहायला लागायचं, आता मागचे सगळे बाक रिकामे. पोरं म्हणतात बोअर होतं, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्या नवीन इंग्लिश चर्चला जातात, तिथे बँड, लाइट सगळं असतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत प्रोजेक्टर, ड्रम सेट आणि नवीन साउंड घ्यायचं चाललंय, खर्च अडीच लाखाच्या आसपास. पोरं परत येतील का? – कमिटीचे एक सभासद

उत्तर : ड्रम घ्या की, मला ड्रमचं काही वावडं नाही. पण अडीच लाख घालवायच्या आधी एक फुकटचं काम करा, मंडळीची सभासद यादी काढा आणि प्रत्येक नावासमोर तो माणूस आज कुठे राहतो ते लिहा, जुना पत्ता नाही, आजचा. वाघोली, उंड्री, मोशी, रावेत, हिंजवडी अशीच नावं येतील बघा आणि चर्चच्या चालत जाण्याच्या अंतरावर राहणारी घरं बोटावर मोजण्याइतकी निघतील.

आपल्या मंडळ्या बांधल्या गेल्या त्या कंपाउंडसाठी, म्हणजे मिशनच्या आवारात राहणाऱ्यांसाठी. अमेरिकन मिशनरी 1813 ला मुंबईत आले, 1831 ला नगरला ठाणं पडलं, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी शाळा, दवाखाना, बोर्डिंग, चर्च सगळं एकमेकाला लागून. त्याच शाळेत शिकायचं, त्याच दवाखान्यात नर्स नाहीतर कंपाउंडर म्हणून लागायचं, तिथेच क्वार्टर, आणि घंटा वाजली की पाच मिनिटात सगळे बाकावर. साडेआठची वेळ त्या माणसांसाठी बरोबरच होती. आता नोकरी चाकणच्या कंपनीत नाहीतर आयटीत, शनिवारी रात्री शिफ्ट, रविवार हा झोपेचा एकच दिवस, आणि वाघोलीहून कॅम्पात यायचं म्हणजे त्या रस्त्यावर तासभर तरी गेलाच. हे ड्रमने कसं सुटणार सांगा.

आपल्याकडे गृहप्रार्थना आहेच, पण ती कधी होते? कोणी आजारी पडलं, नवीन फ्लॅट घेतला, नाहीतर कोणी गेल्याला वर्ष झालं. तीच गृहप्रार्थना प्रत्येक भागात ठरलेल्या वारी करा, शुक्रवारी नाहीतर शनिवारी संध्याकाळी, तासाभराची. आणि चहाबरोबर बिस्किटं पुरेत हो, नाहीतर बायकांची जेवणाची चढाओढ सुरू होते आणि मग कोणीच घर द्यायला तयार होत नाही. पाळकसाहेब, म्हणजे आपले धर्मगुरू, सगळीकडे पुरणार नाहीत, पुरायची गरजही नाही, बायबलमधलं वचन वाचून चार शब्द बोलणारी माणसं मंडळीत खूप असतात. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, मात्र दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय होत नाही, तर त्यांनी महिन्यातून एक भाग घ्यावा आणि तिथेच जाऊन प्रभुभोजन द्यावं. काही ज्येष्ठ म्हणतील वेदी चर्चमध्येच पाहिजे. त्यांना बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचायला द्या, पहिली मंडळी घरोघरीच भाकर मोडत होती.

आणि बोअर होतं म्हणतात ते खरं असेल, पण त्या हॉटेलवाल्या चर्चला पोरं नुसत्या लाइटसाठी जात नाहीत. तिथे मंगळवारी कोणीतरी मेसेज करतं, इंटरव्ह्यू कसा झाला रे म्हणून. आपल्याकडे तरुण संघाला काम काय तर खुर्च्या लावणे, नाताळात स्टार चढवणे, कॅरलला गिटार घेऊन फिरणे. कमिटीत पन्नाशीच्या आतलं कोण आहे बघा जरा. दोन पोरं आणि दोन मुली मत देण्याच्या अधिकारासह घ्या, हिशोबाची वही त्यांच्याकडे द्या, आणि ते अडीच लाख कशावर खर्च करायचे ते त्यांनाच ठरवू द्या. ड्रम घ्या म्हणाले तर घ्या.

प्रश्न : काका, माझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, नवरा हिंदू आहे, रजिस्टर मॅरेज केलं. त्याला आपली गाणी आवडायची, नाताळला आणि गुड फ्रायडेला आवडीने यायचा. पण दरवेळी बाहेर पडताना कोणीतरी विचारतंच, काय जावईबापू, बाप्तिस्मा कधी? आता तो मला सोडतो आणि गाडीतच मोबाइल बघत बसतो. मी काय करू? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : बेटा, तू काही करू नकोस, करायचं ते मंडळीने करायचंय. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं गं, पण जो माणूस स्वतःच्या पायाने आत आला त्याला दारातच फॉर्म भरायला लावला की तो परत कशाला येईल?

आपल्या लोकांना कवी रेव्हरंड टिळकांचा फार अभिमान, दर रविवारी त्यांची भजनं म्हणायची, पण शेवटी त्यांनी काय केलं ते फार कोणी सांगत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, मग वर्षानुवर्षे नगरला मिशनमध्ये काम केलं आणि 1917 ला मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे सगळे एकत्र बसू शकत होते. दोन वर्षात ते वारले आणि तो दरबार काही वाढला नाही. मिशनरी त्यावर खूश असते तरी आश्चर्यच होतं म्हणा. पण एवढ्या मोठ्या माणसाला शेवटच्या वर्षांत सगळ्यात गरजेचं काय वाटलं, तर तुझ्या नवऱ्यासारख्या माणसाला बसायला जागा!

तीच गोष्ट कीर्तनाची. ख्रिस्ती कीर्तन आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं, टिळक स्वतः करायचे. कीर्तनाला कोण बसलंय ते कोणी विचारत नाही, कोणी मागे उभं राहून ऐकतं, कोणी मध्येच उठून जातं, चालतं. फादर स्टीफन्स तर इंग्रज, त्यांनी 1616 ला ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओव्यांत, कारण गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजाला कळलं आणि आपण मात्र इंग्रजी गाण्यांची भाषांतरं करून ताल चुकवत म्हणत बसलोय, असो.

पाळकसाहेबांना माझं नाव सांगून सुचव, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एक संध्याकाळ कीर्तनाची ठेवा, चर्चच्या पटांगणात, आत नाही, आणि शेवटी येशूला स्वीकारणाऱ्यांनी हात वर करा, पुढे या वगैरे काही नको. नवऱ्याला आवडलं तर येईल. बाप्तिस्म्याचं त्याचं आणि देवाचं ते बघतील. जावईबापूवाल्या काकांना मात्र तूच एकदा हसत हसत सांग, त्यांना इतर कोणी सांगणार नाही.

प्रश्न : आमचं गाव नगर जिल्ह्यात. चर्चमध्ये शेजाऱ्यांना बोलवायचं म्हटलं की लोक संशय घेतात, धर्मांतर चाललंय म्हणतात. शहरातून एक ग्रुप पत्रकं वाटायला येतो म्हणतोय. येऊ द्यावं का?

उत्तर : अजिबात नको. ते संध्याकाळी गाडीत बसून जातील आणि गावात राहायचं तुम्हाला आहे. घटनेच्या कलम 25 ने धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, तो आहेच, पण 1977 ला सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलंय की प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नाही. त्यामुळे फी भरतो, आजार बरा करतो असली आश्वासनं कोणी मंडळीच्या नावावर देत असेल तर आधी त्याला थांबवा, पोलिसांच्या भीतीने नव्हे, ते चूकच आहे म्हणून. 2011 च्या जनगणनेत आपण राज्यात सुमारे 10 लाख 80 हजार, एक टक्कासुद्धा नाही. आपल्याबद्दल बहुतेकांना ऐकीव माहितीच असणार.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे बघा, हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले, पाणी आणि झाडं सगळ्यांचीच होती. पुढे 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध झालाच, पण त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले भरपूर होते.

तुमच्या गावात काय आहे? चर्चचा हॉल सहा दिवस कुलूपबंद असेल. भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं गावात असतीलच, घरात दोन खोल्या आणि टीव्ही चालू. हॉल संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा, सगळ्यांना, भिंतीवर वचनाची पाटी आहे ती राहू दे, नवीन लावू नका. किल्ली एका ख्रिस्ती आणि एका बिगरख्रिस्ती पोराकडे द्या. आणि लाइटसाठी सबमीटर आधी बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच बिलावरून कमिटीत भांडण होईल.